विश्लेषण : कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यात ‘नर्व्ह ब्लॉक’ किती उपयोगी? तो रुग्णांपर्यंत उशिरा का पोहोचतो?

कर्करोग बरा होणार नाही हे स्पष्ट झाले, की घरच्यांची डॉक्टरांकडे एकच विनवणी उरते, ‘निदान त्रास तरी होऊ देऊ नका.’ बहुतेक रुग्णांच्या वेदना मॉर्फिनसारख्या औषधांनी आटोक्यात येतात. काहींना मात्र ती पुरत नाहीत. काहींची वेदना थांबते, पण इतकी गुंगी येते की समोर बसलेल्या माणसाशी बोलताही येत नाही. अशा रुग्णांसाठी वेदनेचा मार्गच रोखणारी ‘नर्व्ह ब्लॉक’ ही पद्धत शंभर वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. तरीही अनेकांना तिचे नाव अगदी शेवटच्या दिवसांत कळते, तेव्हा तिचा फारसा उपयोग उरलेला नसतो. ही पद्धत काय आहे, कोणाला उपयोगी पडते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याविषयी…

वेदना किती रुग्णांना होतात?

‘ग्लोबोकॅन २०२२’च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला कर्करोगाचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळतात आणि ९ लाखांहून अधिक जणांचा मृत्यू होतो. जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार आजार पसरलेल्या किंवा अखेरच्या टप्प्यात असलेल्या सुमारे ६६ टक्के रुग्णांना वेदना होतात. आपल्याकडे बरेच रुग्ण आजार पुढे गेल्यावरच रुग्णालयात येतात, त्यामुळे हा प्रश्न अधिक मोठा आहे.

या वेदनांची कारणे वेगवेगळी असतात. गाठ हाडात पसरते, आतड्याचा मार्ग अडवते, यकृतासारख्या अवयवाच्या आवरणाला ताण देते किंवा थेट मज्जातंतूंमध्ये शिरते. म्हणूनच एकच गोळी सगळ्यांना सारखी लागू पडत नाही.

मॉर्फिन असताना सुईची गरज कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी तीन पायऱ्यांची ‘शिडी’ मांडली. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी औषधे, त्याहून अधिक वेदनेला कोडीनसारखी सौम्य ओपिऑइड औषधे आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन, असा तिचा क्रम. औषध शक्यतो तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे ठरल्या वेळी द्यायचे, वेदना असह्य होण्याची वाट पाहायची नाही, हे त्यामागचे तत्त्व. या साध्या पद्धतीने बहुसंख्य रुग्णांना आराम मिळतो. हाडातील वेदनेसाठी काही वेळा रेडिएशनचा एकच डोसही पुरेसा ठरतो.

तरीही साधारण १० ते २० टक्के रुग्णांना एवढ्याने पुरेसा आराम मिळत नाही, असे वेदनाशास्त्रात मानले जाते. मज्जातंतूच दुखावले असतील तर मॉर्फिनचा परिणाम कमी दिसतो. मात्रा वाढवत नेली तर बद्धकोष्ठता, मळमळ, गुंगी आणि काहींना भास होणे असे त्रास वाढतात. अशा वेळी शिडीची ‘चौथी पायरी’ म्हणून नर्व्ह ब्लॉकसारख्या प्रक्रियांचा विचार होतो.

नर्व्ह ब्लॉक म्हणजे नेमके काय?

वेदना शरीराच्या एका भागात निर्माण होते, पण ती जाणवते मेंदूत. हा निरोप मज्जातंतूंमधून विद्युत-रासायनिक संदेशाच्या रूपात आधी मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूत जातो. हा प्रवास वाटेतच अडवणे म्हणजे नर्व्ह ब्लॉक. गाठ आहे तिथेच राहते, तिचा निरोप तेवढा मेंदूपर्यंत पोहोचत नाही.

ब्लॉकचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला तात्पुरता. दात काढताना देतात त्या जातीचे, म्हणजे लिडोकेन किंवा बुपिव्हाकेनसारखे बधिर करणारे औषध मज्जातंतूजवळ सोडले जाते. ते मज्जातंतूच्या पेशीतील सोडियमचा मार्ग बंद करते. हा मार्ग बंद झाला की संदेश पुढे सरकत नाही. परिणाम काही तास टिकतो. बारीक नळी बसवून औषध चालू ठेवले तर तो काही दिवसांपर्यंत लांबवता येतो.

दुसरा प्रकार दीर्घकाळ टिकणारा. त्याला ‘न्यूरोलिसिस’ म्हणतात. यात तीव्र अल्कोहोल किंवा फिनॉल टोचून मज्जातंतूचा तो भागच निकामी केला जातो. रसायनाऐवजी रेडिओफ्रिक्वेन्सी लहरींची उष्णताही वापरता येते. मज्जातंतू कालांतराने पुन्हा वाढतात, त्यामुळे परिणाम साधारण तीन ते सहा महिने राहतो. निरोगी माणसासाठी ही मर्यादा ठरली असती. ज्याच्या हाती काही महिनेच आहेत, त्याला मात्र तेवढा काळ अनेकदा पुरतो.

कोणत्या कर्करोगात कोणता ब्लॉक देतात?

सर्वाधिक वापर आणि अभ्यास झाला आहे तो ‘सीलिअ‍ॅक प्लेक्सस ब्लॉक’चा. पोटाच्या वरच्या भागात, महारोहिणीच्या पुढच्या बाजूला मज्जातंतूंचे एक जाळे असते. स्वादुपिंड, जठर, यकृत, पित्ताशय यांच्या वेदनांचे संदेश या जाळ्यातून जातात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात पोटातून पाठीत आरपार जाणारी कळ येते. रुग्णाला पाठ टेकून झोपता येत नाही, तो रात्र रात्र पुढे वाकून बसतो. अशा वेदनेवर हा ब्लॉक विशेष उपयोगी आहे. जर्मन शल्यचिकित्सक मॅक्स काप्पिस यांनी १९१४ मध्ये पाठीतून सुई घालून या जाळ्यापर्यंत पोहोचण्याची पद्धत मांडली होती.

गर्भाशय, गर्भाशयमुख, मूत्राशय किंवा गुदाशयाच्या कर्करोगात ओटीपोटात वेदना होतात. त्यासाठी कमरेच्या शेवटच्या मणक्याजवळ ‘सुपीरिअर हायपोगॅस्ट्रिक प्लेक्सस ब्लॉक’ दिला जातो. मेक्सिकोतील डॉ. रिकार्डो प्लांकार्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये कर्करोगाच्या रुग्णांतील त्याच्या वापराविषयी लिहिले. बसण्याच्या जागी होणाऱ्या वेदनेसाठी माकडहाडाजवळील ‘गँगलिऑन इम्पार’ या मज्जातंतूंच्या गाठीचा ब्लॉक असतो.

छातीच्या भिंतीत किंवा बरगडीत गाठ असेल तर बरगड्यांमधील मज्जातंतूंचा ब्लॉक उपयोगी पडतो. भारताच्या दृष्टीने आणखी एक प्रकार महत्त्वाचा आहे. तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. जबडा, जीभ, गाल यांच्या वेदनांसाठी खालच्या जबड्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूचा ब्लॉक करता येतो. घास चावणे, बोलणे, पाणी गिळणे यातील थोडेसे जरी सुसह्य झाले, तरी अशा रुग्णासाठी ते मोठे असते.

सगळ्याच मज्जातंतूंवर हा उपाय का करत नाहीत?

पोटातील अवयवांच्या वेदना वाहणारी जाळी हातापायांचे स्नायू हलवत नाहीत. त्यामुळे ती निकामी केली तरी चालणे-फिरणे शाबूत राहते. हातापायांचे मज्जातंतू मात्र ‘मिश्र’ असतात. वेदना आणि हालचाल, दोन्हींचे संदेश त्याच वाटेने जातात. तिथे अल्कोहोल टोचले तर वेदनेसोबत हाता-पायातील ताकदही जाऊ शकते. म्हणून अशा ठिकाणी बधिर करणाऱ्या औषधाची नळी बसवणे यासारखे पर्याय निवडले जातात.

पाठीच्या कण्यातील द्रवात फिनॉल सोडण्याचीही एक जुनी पद्धत आहे. त्यात लघवी आणि शौचावरील नियंत्रण जाण्याचा धोका असतो. त्यामुळे ज्यांना आधीच लघवीची नळी आहे आणि शौचासाठी पोटावर पिशवी बसवलेली आहे, अशा निवडक रुग्णांतच तिचा विचार होतो.

प्रक्रिया कशी होते?

ब्लॉक बहुतेकदा वेदनाशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेले भूलतज्ज्ञ देतात. आधी रक्त गोठण्याची क्षमता तपासली जाते. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील, शरीरात जंतुसंसर्ग असेल किंवा सुई जाण्याच्या जागी जखम असेल, तर प्रक्रिया पुढे ढकलावी किंवा टाळावी लागते.

रुग्णाला बहुधा पालथे झोपवले जाते. त्वचा बधिर करून लांब, बारीक सुई आत नेली जाते. ती कुठे पोहोचली हे ‘सी-आर्म’ या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या, सोनोग्राफीच्या किंवा सीटी स्कॅनच्या पडद्यावर पाहिले जाते. काही ठिकाणी तोंडावाटे दुर्बीण घालून, तिच्या टोकावरील सोनोग्राफीच्या मदतीने जठराच्या भिंतीतून हे काम केले जाते. सी-आर्म वापरताना रंगद्रव्य सोडून औषध कुठे पसरेल याची खात्री केली जाते. अनेकदा आधी फक्त बधिर करणारे औषध देऊन वेदना कमी होते का, हे तपासतात. झाली, तरच अल्कोहोल किंवा फिनॉल दिले जाते. अल्कोहोल टोचताना काही क्षण खूप आग होते, त्यामुळे बधिर करणारे औषध आधी किंवा सोबत द्यावे लागते.

ब्लॉक यशस्वी झाला तरी मॉर्फिन एकदम बंद करायचे नसते. तसे केल्यास शरीराला औषध तुटल्याचा त्रास होतो. दुसरीकडे जुनी मात्रा तशीच चालू ठेवली तर गुंगी वाढू शकते, क्वचित श्वासही मंदावतो. वेदना कमी झाली की तेवढ्या मॉर्फिनची गरज उरत नाही. म्हणून त्यानंतरचे काही दिवस रुग्णावर लक्ष ठेवून मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

अभ्यास काय सांगतात?

या पद्धतीकडून चमत्काराची अपेक्षा नको, हे अभ्यासांतून दिसते. स्वादुपिंडाच्या कर्करोगातील सीलिअ‍ॅक ब्लॉकविषयीच्या चाचण्यांचा ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०११ मध्ये आढावा घेतला. केवळ औषधे घेणाऱ्यांच्या तुलनेत ब्लॉक घेतलेल्यांची वेदना चार आठवड्यांनी कमी होती, पण फरक लहान होता. दहाच्या मोजपट्टीवर तो अर्ध्या गुणाहूनही कमी भरला. मात्र हा आराम त्यांना कमी ओपिऑइड औषधांत मिळाला आणि बद्धकोष्ठतेसारखे त्रासही कमी झाले. म्हणजे मुख्य लाभ रुग्ण अधिक जागा राहण्यात आहे, असे म्हणता येते.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १०० रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ब्लॉकमुळे वेदना अधिक कमी झाल्या, पण आयुष्य वाढले नाही. जीवनमानाच्या एकूण गुणांतही ठळक फरक दिसला नाही. ब्लॉक हा कर्करोगावरचा उपचार नाही, ही बाब रुग्ण आणि कुटुंबाला आधीच स्पष्ट सांगायला हवी.

धोके कोणते?

सीलिअ‍ॅक ब्लॉकनंतर काही दिवस उठून उभे राहताना रक्तदाब घसरून चक्कर येऊ शकते. जुलाब होतात आणि टोचल्या जागी दुखते. हे त्रास बहुधा आपोआप थांबतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा शेजारच्या अवयवाला इजा हे कमी प्रमाणात आढळतात. सर्वांत गंभीर धोका म्हणजे मज्जारज्जूचा रक्तपुरवठा बिघडून दोन्ही पाय लुळे पडणे. तो अत्यंत दुर्मीळ आहे, पण संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी त्याची माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. काही रुग्णांत ब्लॉकचा परिणामच होत नाही किंवा काही आठवड्यांत वेदना परततात.

योग्य वेळ कोणती?

कळीचा मुद्दा हाच आहे. ‘शेवटचा उपाय’ म्हणून ब्लॉक अनेकदा अखेरच्या आठवड्यांपर्यंत मागे ठेवला जातो. तोवर गाठ वाढून त्या जागेची रचनाच बदललेली असते. औषध मज्जातंतूंच्या जाळ्याभोवती नीट पसरत नाही. आजार आसपास पसरल्याने वेदना इतर वाटांनीही येऊ लागतात. रुग्ण इतका खंगलेला असतो, की पालथे झोपणेही त्याला झेपत नाही.

कॅनडातील माँट्रिअल येथील चाचणीत शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना निदानाच्या वेळीच ब्लॉक देण्यात आला. तीन महिन्यांनी त्यांची वेदना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी होती, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. प्रत्येकाला लगेच ब्लॉक द्यावा, असा याचा अर्थ नाही. वेदनातज्ज्ञाचा सल्ला मात्र मॉर्फिनची मात्रा वाढू लागते तेव्हाच घ्यायला हवा.

भारतात अडचण कुठे आहे?

ब्लॉकसाठी लागणारे अल्कोहोल किंवा फिनॉल महाग नाही. दुर्मीळ आहेत ते प्रशिक्षित हात आणि यंत्रे. या सुविधा प्रामुख्याने मोठ्या शहरांतील कर्करोग रुग्णालयांत आहेत. तिथवरचा प्रवास हाच खेड्यातील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी मोठा अडथळा ठरतो.

त्याआधीची पायरी, म्हणजे मॉर्फिनही, आपल्याकडे पुरेसे पोहोचलेले नाही. भारत कायदेशीर अफूच्या प्रमुख उत्पादक देशांपैकी एक आहे. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील (एनडीपीएस) कठोर तरतुदींमुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि पुढच्या सुमारे बारा वर्षांत देशातील त्याचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घटला. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी झाली. तरीही ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०१७ च्या अहवालानुसार भारतात गरजेच्या केवळ चार टक्के ओपिऑइड वेदनाशामके उपलब्ध होती.

महाराष्ट्राने या क्षेत्रात काही गोष्टी लवकर सुरू केल्या. देशातील पहिले हॉस्पिस ‘शांती आवेदना सदन’ १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले, पुढे गोव्यातही त्याची शाखा झाली. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला फाऊंडेशनचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग असून तेथे २०१२ मध्ये एम.डी. अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच वर्षी केंद्राने राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रमही आखला. मात्र जिल्हा पातळीवरील डॉक्टरने वेळीच वेदना ओळखून रुग्णाला पुढे पाठवले, तरच या केंद्रांचा उपयोग होतो.

एक इंजेक्शन पुरेसे आहे का?

केरळमधील भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल यांना भारतातील पॅलिएटिव्ह केअर चळवळीचे प्रणेते मानले जाते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सुरुवातीच्या काळातील एक अनुभव त्यांनी जाहीरपणे अनेकदा सांगितला आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला त्यांनी नर्व्ह ब्लॉक दिला. वेदना थांबली. रुग्णाने विचारले, पुन्हा कधी येऊ? वेदना गेल्यामुळे परत येण्याची गरज नाही, असे त्यांनी सांगितले. घरी गेल्यावर त्या रुग्णाने आयुष्य संपवले. आजार बरा होणारा नाही, हे तोवर त्याला कोणीही नीट समजावून सांगितलेले नव्हते. ‘परत येऊ नका’ याचा त्याने लावलेला अर्थ वेगळाच होता.

ब्लॉक तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झाला होता. उणीव राहिली ती संवादाची. ब्रिटनमध्ये १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही संकल्पना मांडली ती यासाठीच. शरीराच्या दुखण्यासोबत भीती, पैशांची चिंता, अपुरी राहिलेली कर्तव्ये आणि ‘माझ्याच वाट्याला हे का?’ हा प्रश्नही रुग्णाला छळत असतो. सुई यातल्या एकाच भागापर्यंत पोहोचते. बाकीच्यासाठी डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक आणि घरची माणसे लागतात. (मानसिक आधारासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन २४ तास उपलब्ध आहे.)

कुटुंबीयांनी डॉक्टरांना काय विचारावे?

वेदना शून्य ते दहा या मोजपट्टीवर रोज नोंदवून ठेवावी. गोळी घेऊनही वेदना चारच्या खाली येत नसेल किंवा मॉर्फिनमुळे रुग्ण दिवसभर गुंगीत असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ही वेदना ब्लॉकने कमी होण्यासारखी आहे का? ती सोय जवळ कुठे आहे? आराम किती काळ टिकेल? कोणते धोके आहेत? त्यानंतर औषधांची मात्रा कोण ठरवेल? आणि पुन्हा भेटायला कधी यायचे? हे प्रश्न विचारायला हवेत. ‘आता करण्यासारखे काही नाही’ असे उत्तर मिळाले, तर पॅलिएटिव्ह केअर विभागाची चिठ्ठी मागावी. कर्करोगावरचे उपचार थांबले तरी वेदनेवरचे उपचार शेवटच्या दिवसापर्यंत करता येतात.